हौसा, तुला रुसू दिलं नाही

हौसा, तुझ्या दहाव्याला मी वाडीवर आले नाही. गुडघे चालत नाहीत असं सांगून पाठवलं. गुडघे दुखतात हे खरं, पण नातू गाडीत बसवून न्यायला तयार होता आणि वाडीपर्यंत आता सिमेंटचा रस्ता झालाय. तू बोलावलंस तेव्हा आले नाही, मग तू गेल्यावर कोणत्या तोंडानं यायचं, हे खरं कारण होतं. ते कुणाला सांगता येईना म्हणून गुडघ्यांवर ढकललं.

तुला अक्षर येत नव्हतं. मी चौथीपर्यंत गेले, म्हणून मी लिहितेय. तू किती कष्ट केलेस, किती पोरं वाढवलीस, ते सगळं वाडीला माहीत आहे. मेलेल्या माणसाची तारीफ करणं सोपं असतं, ते खाली पारावर बसून कुणीही करतंय. मला लिहायचंय ते आपल्या खेळाचं. ते तुझ्या-माझ्याशिवाय आता कुणाला आठवत नाही, आणि तू नाहीस.

आमच्या घरामागच्या आंब्याखाली आपण बाहुलीचं लग्न लावायचो. तुझी आई सारवायला, भात सडायला आमच्याकडे यायची आणि तू तिच्या मागं यायचीस. उन्हाळ्यात धरणाचं पाणी खाली गेलं की काठाला चिकणमाती उघडी पडायची. ती तू फडक्यात बांधून आणायचीस आणि तिची भांडी करायचीस. हंडा, कळशी, परात, पळी, तवा. अंगठ्याएवढा तवा, पण त्याला कडा असायच्या. आमच्या आळीत आठ-दहा पोरी होत्या, तसा तवा कुणाला जमला नाही. मला तर गोळासुद्धा धड वळता यायचा नाही.

भांडी तुझी, आंबा आमचा, म्हणून लग्न माझं. मी वरमाय. दर वेळेला मीच. नवरीकडची मंडळी बदलायची, वाजंत्री बदलायचे, मी बदलायचे नाही. आणि तू भांड्यांकडं.

वरमाय होण्यात एकच मजा होती, ती म्हणजे रुसणं. पंगत बसायची वेळ झाली की वरमायीनं पाठ फिरवून बसायचं. मला पाय धुवायला पाणी दिलं नाही, माझ्या पोराला पाट हलका दिला, काहीही. मग सगळ्या पोरींनी येऊन समजूत काढायची. कुणी हनुवटीला हात लावायचं, कुणी गुळाचा खडा पुढं करायचं. मी नाक वर करून बसायचे. जितका वेळ बसेन तितका वेळ अख्खं लग्न माझ्यापुढं हात जोडून उभं. ते सुख मी पुढं खऱ्या आयुष्यातही सोडलं नाही. सासूला विचारायला हवं होतं, तिनं सांगितलं असतं.

तू लांब बसून भांडी घासत असायचीस. पण पाण्यानं नाही. कच्च्या मातीची भांडी, पाणी लागलं की विरघळणार. म्हणून तू कोरडी माती चिमटीत घ्यायचीस आणि बोटानं हळू फिरवायचीस. तरीही भांडी चकचकीत झाल्यासारखी दिसायची. तू ती उपडी मांडून ठेवायचीस, खऱ्यासारखी.

एका दुपारी तू आलीस आणि म्हणालीस, "शेवंते, आज मला वरमाय करतीस का?"

मी हसले. मला खरंच हसू आलं, ते सांगते. "तू? तू कशी वरमाय हुशील?"

"का? आमच्या वाडीत रोज बदलत्यात. काल वरमाय असली ती आज पाण्याला जाती."

"तुमास्नी खेळता येत न्हाई म्हणून बदलत्यात."

"मला लय येळ न्हाई पायजे," तू म्हणालीस. "येकदाच रुसू दे. मंग घासते की भांडी."

हौसा, तू वरमाय होऊ दे म्हणाली नव्हतीस. रुसू दे म्हणाली होतीस. हे मला आता कळतंय. घरात तुला रुसायची सोय नव्हती. सहा भावंडं, आई दिवसभर दुसऱ्याच्या दारात. रुसून बसली असतीस तर तुझ्या वाटची भाकरी दुसऱ्यानं खाल्ली असती. कुणीतरी एकदा येऊन हनुवटीला हात लावावा एवढंच तुला हवं होतं, आणि ते खेळात मिळत होतं.

मी काय केलं ते तू कधी बोलून दाखवलं नाहीस. मी कळशीतलं खरं पाणी आणलं आणि तुझ्यापुढं ठेवलं. म्हटलं, "आज खऱ्या पाण्यानं घास. कोरडं घासलेलं चालायचं न्हाई. पावणं जेवणार हायत."

तू माझ्याकडं बघितलंस. मग तवा घेतलास आणि पाण्यात बुडवलास. सगळी भांडी एकामागून एक बुडवलीस. शेवटी तुझ्या हातात नुसता गाळ राहिला. बाकीच्या पोरी खिदळत होत्या. मला वाटलं तू रडशील, निदान उठून जाशील. तू हात फडक्याला पुसलेस आणि म्हणालीस, "झाली घासून."

तू डाव मोडला नाहीस. आमच्यात डाव मोडणाऱ्याला दुसऱ्या दिवशी घेत नव्हते, ते तुला माहीत होतं. मला त्याचा राग आला. तू भांडली असतीस तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी तू नवी भांडी घेऊन आलीस. कधी केलीस, कुठं वाळवलीस, मी विचारलं नाही. मी वरमाय झाले आणि रुसले.

लोक म्हणतात, पोरं आईबापाचं बघून शिकतात. असेल. पण तुला वरमाय करू नको असं मला आईनं कधी सांगितलं नव्हतं. तिला आमच्या खेळाकडं बघायला सवड नव्हती. मला कुणी सांगावंच लागलं नाही. कोण पाटावर बसणार आणि कोण भांड्यांकडं जाणार हे मी सात वर्षांची असताना स्वतःच ठरवलं, आणि खेळ म्हणून रोज गिरवलं. पाटीवर अक्षर गिरवतात तसं. शाळेत गिरवलेलं निम्मं विसरले. हे नाही विसरले.

मला गावातल्या गावात दिली, तुला वाडीतल्या वाडीत. लग्न झालं तसं तू मला 'वैनी' म्हणायला लागलीस. एका दिवसात. मी तुला हौसाच म्हणत राहिले. आमच्या भातलावणीला तू यायचीस. तुझ्या हातची रोपं सरळ ओळीत असायची. मी बांधावर चहा घेऊन यायचे तेव्हा तुझा कप वेगळा असायचा. तू तो स्वतःच विसळून बांधावर उपडा ठेवायचीस. हे मी आता लिहितेय, तेव्हा मला त्यात काही दिसलं नव्हतं.

थोरल्याच्या लग्नात मी खरी वरमाय झाले. मांडवात पंगत उठली, पुढची बसायची होती, गडबड होती. तू नवं लुगडं नेसून आली होतीस, ओटीत नारळ घेऊन. आहेर करायला आली होतीस, कामाला नाही. आणि मी तुला बघितलं तशी माझ्या तोंडातून निघालं, "हौसा, भांड्यांकडं बग बाई जरा."

तू नारळ माझ्या हातात दिलास. म्हणालीस, "व्हय, वरमाय." आणि लुगडं वर खोचून मोरीकडं गेलीस.

वैनी म्हणाली नाहीस. वरमाय म्हणालीस. मी तेव्हा घाईत होते. नंतर कधीतरी, फार वर्षांनी, चूल पेटवता पेटवता ते आठवलं आणि हातातली काडी जळत बोटाला पोचेपर्यंत धरून बसले.

ही दोन-तीन वर्षं आपली चांगली गेली. त्याचे आभार मानायचे तर तुझेच मानावे लागतील, कारण चालत खाली तू यायचीस. तुझी नात लता धरणाकाठी शहरातल्या पाहुण्यांसाठी झालेल्या बंगल्यांवर साफसफाईला जायला लागली. तिची काजल तेव्हा तीन वर्षांची. तिला अंगणवाडीत सोडायचं आणि सुटेपर्यंत थांबायचं हे काम तुझ्याकडं आलं. अंगणवाडी आमच्या घराला लागून. पहिल्या दिवशी तू समोरच्या देवळाच्या पायरीवर उन्हात बसलीस. मी ओट्यावरून हाक मारली, "हितं ये की. तितं काय भाजून घेतीस."

तू आलीस आणि खालच्या पायरीवर बसलीस. वर ओट्यावर यायला तुला दीड महिना लागला. मी तुला रोज नुसतं 'वर ये' म्हणत होते. उठून हात धरून वर घेतलं नाही एकदाही. शेवटी पावसानं तुला वर आणलं. खालची पायरी भिजत होती.

मग आपण दोघी बसायचो आणि पोरांचे खेळ बघायचो. तू तंबाखू मळायचीस, मी मिश्री लावायचे. तुझ्यासारखं पोरांचं कुणाला कळत नव्हतं. एखादं नवीन पोर रडत बसलं की अंगणवाडीची ताई त्याला खाऊ द्यायची. तू म्हणायचीस, "खाऊ नगं. त्याला कच्चं लिंबू करा." म्हणजे खेळात घ्यायचं, पण त्याच्यावर डाव येऊ द्यायचा नाही. तसं केलं की पोर तिसऱ्या दिवशी स्वतःच ओरडायचं, 'मी कच्चं लिंबू न्हाई, माझ्यावरबी राज्य द्या.' तू म्हणायचीस, "बग, झालं माणसात."

ताईनं एकदा आयांची मिटिंग घेतली. आपण ओट्यावरूनच ऐकत होतो. ती म्हणाली, "मुलं खेळता खेळता माणसांत वागायला शिकतात. आपली पाळी येईपर्यंत थांबायचं कसं, दुसऱ्याला घ्यायचं कसं, कोणाचं काम काय. म्हणून कामं बदलून बदलून द्या त्यांना. घरीसुद्धा."

मी म्हटलं, "पगार घ्यायचा म्हणून कायबी सांगत्यात. खेळ तो खेळ."

तू तंबाखू मळत होतीस, थांबलीस. "बाई खरं बोलत्यात," म्हणालीस. एवढंच. आणि मी विषय बदलला.

आपल्या वेळेला बाहुलीचं लग्न होतं. ह्या पोरांचा खेळ म्हणजे 'बंगला-बंगला'. बघितलंय ना तू, आपण दोघी हसून हसून बेजार व्हायचो. माझी पणती स्वरा ही कायम पाहुणी मॅडम. डोळ्यावर तिच्या बापाचा गॉगल.

"भैया, गिझर चालू हाय का?"

"व्हय मॅडम."

"स्विमिंग पूलचं पानी हिरवं कसं? आमी फोटोत निळं बघितलं हुतं."

"मॅडम, धरणाचं हाय."

"मी रिव्ह्यू टाकीन हां. एक स्टार."

आणि काजल झाडू घेऊन. रोज. तिला कुणी सांगायचं नाही, ती आली की सरळ कोपऱ्यातला खराटा उचलायची. 'मॅडम, बेडशीट बदलू का' असं विचारायची आणि पोतं झटकून अंथरायची. आई करते तसंच, कोपरे दुमडून. ताई कामं बदलून द्यायची, पण ताईची पाठ फिरली की पोरं परत आपापल्या जागी.

मी हसत होते. मग लक्षात आलं की तू हसायची थांबली आहेस. ते किती दिवस आधी थांबलीस मला माहीत नाही.

माघात तू एक दिवस टोपली घेऊन आलीस. वर फडकं. फडकं काढलंस तर आत मातीची भांडी. हंडा, कळशी, परात, पळी आणि तवा, कडा असलेला. तुझे हात थरथरायला लागले होते, तरी तवा तसाच.

"काय गं हे?"

"लगीन लावू पोरांचं," तू म्हणालीस. "बंगला बास झाला. बाहुल्या मी करते. काजल वरमाय."

मी म्हटलं, "स्वरा ऐकायची न्हाई. लय हट्टी हाय."

"तू सांग. तुजं ऐकंल."

"पोरींचं पोरींना बघू दे, हौसा. खेळच हाय त्यो. आपण म्हाताऱ्यांनी कशाला मधी पडायचं."

तू माझ्याकडं वळलीस. "खेळच हुता व्हय? मंग तू का सोडला न्हाईस मोठी झाल्यावर?"

मी मिश्रीची डबी उघडली.  मग खालच्या आवाजात म्हणालीस, "ती माज्यागत व्हायला लागलीय. कुनी काय म्हनायच्या आत उठती आन खराटा घेती. तुला दिसतं का न्हाई, शेवंते?"

शेवंते. पन्नास वर्षांवर झाली तुझ्या तोंडून ते नाव ऐकून. मला बरं वाटायला हवं होतं. मला राग आला. ओट्यावर बसवलं म्हणून ही आता हिशेब मागायला लागली, असं मनात आलं. आलं ते लिहिते. लपवून काय करू.

मी म्हटलं, "बघू."

टोपली उचलली आणि आत नेऊन फळीवर ठेवली. पोरांच्या हाताला लागायला नको म्हणून, असं तुला सांगितलं. पोरांच्या हाताला लागावी म्हणूनच तू ती केली होतीस.

त्यानंतर तू रोज यायचीस आणि काही विचारायची नाहीस. फक्त आल्याबरोबर एकदा आत फळीकडं बघायचीस. दारातून फळी दिसते. मी बसायची जागा बदलली, दार पाठीमागं येईल अशी.

मग तुला ताप आला. चार दिवस तू आली नाहीस, लता काजलला एकटीलाच सोडून जायची. पाचव्या दिवशी लता ओट्यापाशी थांबली. "आजी, आमची म्हातारी तुमास्नी बोलावतीय. आन इचारलंय, टोपली खाली काढली का."

मी म्हटलं, "येते म्हणावं एक-दोन दिवसांत. आणि टोपलीचं सांग, बघते."

लता उभीच राहिली. "काढली म्हनून सांगू का?"

तू जाणार हे तिला दिसत होतं, हौसा. खोटं बोलून तुला सुखानं जाऊ द्यावं, एवढी समज त्या पोरीला होती. मी म्हटलं, "न्हाई काढली ती काढली म्हणून कशी सांगतीस?" आयुष्यभर मी खरं बोलणारी म्हणून मिरवले. ते खरं मी नेमकं त्या दिवशी वापरलं.

दोन दिवसांनी वाडीवरून निरोप आला.

मी रडले नाही. घरातले म्हणाले, धक्का बसलाय. धक्का वगैरे काही नाही. मला आधी आठवली ती टोपली. मी आत गेले आणि फळीकडं बघितलं. फडक्यावर धूळ बसली होती.

आता पुढचं सांगते, आणि ते सांगायलाच ही वही घेतली.

तेराव्यानंतर लता काजलला परत घेऊन आली. कामाला खाडे किती करणार. काजल आली, ओट्याकडं बघितलं, तिथं तू नव्हतीस. रडली नाही. कोपऱ्यात गेली आणि खराटा उचलला.

मी फळीवरून टोपली काढली. ताईला सांगितलं, आज पोरांना थोडा वेळ माझ्या अंगणात सोड. ह्या अंगणात आंबा नाही, नातवाची गाडी उभी असते, म्हणून गाडीच्या सावलीत पोतं अंथरलं. बाहुल्या तू केल्या नव्हत्यास, मी चिंध्यांच्या केल्या. नवरा वाकडा झालाय. तू असतीस तर हसली असतीस.

स्वरा गॉगल लावून आली. "मी मॅडम."

"आज मॅडम कोण न्हाई. आज लगीन हाय. काजल वरमाय. तू पाणी आणायचं."

स्वरानं भोकाड पसरलं. तिची आई, माझी नातसून प्रियांका, पळत बाहेर आली. "आज्जी, कशाला रडवताय? लहान आहे ती."

"काजल काय म्हातारी हाय?" मी म्हटलं. "ती रोज झाडती तवा आपण दोघीबी दारातनं बघतोच की. आलो का कवा बाहेर?"

प्रियांका शिकलेली आहे, उलट बोलली असती. बोलली नाही. स्वराच्या हातात तांब्या दिला आणि तिथंच पायरीवर बसली.

मी काजलला पाटावर बसवलं. ती लगेच उठली आणि पाट झाडायला लागली. परत बसवलं.

"तू वरमाय. आता रुसायचं."

"म्हंजे?"

"पाठ फिरवून बसायचं. बोलायचं न्हाई. सगळी येऊन तुझी समजूत काढत्यात."

तिनं विचार केला. "पन मला कुनी काय केलंच न्हाई. कशी रुसू?"

हौसा, मी गाडीच्या चाकाला धरून तिच्याजवळ वाकले. 

म्हटलं, "उगीच रुसायचं. खेळातलं."

ती पाठ करून बसली. पोरं आली. एकानं हनुवटीला हात लावला. स्वरानं नाक पुसत तांब्या पुढं केला. "चला ना वरमाय, गरम पानी हाय. गिझर लावलाय." काजलला आतून हसू फुटत होतं, खांदे हलत होते. पण वळली नाही. म्हणाली, "आधी भांडी घासा."

सगळी पोरं माझ्याकडं बघायला लागली. दुसरं कोण होतं? मी खाली बसले. गुडघ्यांना त्या वेळेला तरी खरं काम होतं. तुझा तवा हातात घेतला आणि स्वराचा तांब्या ओढला. विचार करून नाही, हाताला लागला म्हणून.

काजल गर्रकन वळली. "पानी नगा लावू. इरघळत्यात ती. कोरड्या मातीनं घासायची."

"कुणी सांगितलं?"

"पणजीनं. येकदा येका पोरीनं पानी लावलं म्हने. समदी भांडी गेली."

"मग?"

"मंग काय न्हाई. पणजीनं परत केली."

मी कोरडी माती चिमटीत घेतली. बोट फिरवलं. तू किती हलकं फिरवायचीस ते बोटाला कळेना, तव्याची कड थोडी झिजली. एवढ्या वर्षांनी तू तिला ती गोष्ट सांगितलीस आणि नाव सांगितलं नाहीस. एक पोरगी, एवढंच. मीही गप्प बसले असते तर चाललं असतं. तू माझ्यासाठी तेवढी वाट करून ठेवली होतीस.

प्रियांका पायरीवर होती. ताई दारात येऊन उभी होती. मी म्हटलं, "काजल, ती पोरगी मी."

तिनं माझ्याकडं बघितलं, मग तव्याकडं, परत माझ्याकडं. "तुमी?"

"व्हय."

"मुद्दाम?"

"मुद्दाम."

 ती सावकाश पाठ फिरवून पाटावर बसली. खांदे हलत नव्हते. पोरांना वाटलं खेळच चाललाय, त्यांनी परत समजूत काढायला सुरुवात केली. स्वरानं चुरमुऱ्यांची वाटी पुढं केली. मी हनुवटीला हात लावला तर तिनं मान झटकली. आता तिच्याकडं रुसायला कारण होतं.

लता न्यायला आली तेव्हाही ती तशीच बसली होती. "काय झालं गं?" लता म्हणाली. मी म्हटलं, "काय न्हाई. वरमाय रुसलीय. उचलून नको नेऊ, तिची ती उठू दे."

तिची ती उठली, बऱ्याच वेळानं. खराट्याकडं न बघता गेली. माझ्याकडंही न बघता गेली.

उद्या मी गूळ घेऊन बसणार आहे. परवाही. मला समजूत काढायची सवय नाही, हौसा, कधी कुणाची काढली नाही. माझ्या वयाला फार दिवस नाहीत. पण तिला घाई करणार नाही. तिला हवं तेवढं रुसू दे.